अर्कचित्रातले साम्य मातीत का हरवते?

प्रश्न : मी बरीच वर्षे अर्कचित्रे (चेहऱ्याची ठळक वैशिष्ट्ये अतिशयोक्त करून काढलेली चित्रे) काढत आहे, परंतु तोच चेहरा मातीत घडवू लागलो की समोरून साम्य जाणवते आणि बाजूने पाहिल्यास ती व्यक्ती ओळखूच येत नाही. चूक नेमकी कोठे होत असावी?

पहिले उत्तर : रेषेला एकाच कोनातून पटवायचे असते, मातीला सर्व बाजूंनी. केवळ नाक लांबवून भागत नाही. नाक पुढे आले की कपाळ आणि हनुवटी त्या मानाने मागे न्यावी लागते, म्हणून आधी कवटीचाच ढोबळ आकार अतिशयोक्त करावा आणि डोळे व ओठ शेवटी हाताळावेत.

दुसरे उत्तर : सहमत आहे. ओनोरे दोमिये या फ्रेंच चित्रकाराने १८३२च्या सुमारास राजकारण्यांचे मातीचे छोटे अर्धपुतळे घडवून त्यांवरून शिळाछाप (दगडावर रेखाटून कागदावर छापलेली) चित्रे काढली. त्यांपैकी ३६ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. डोळ्यांच्या खोबणीतली सावलीच या पुतळ्यांत रेषेचे काम करते.

प्रश्नकर्ता : मी नेहमी नाकापासूनच सुरुवात करत होतो (चित्रातली सवय!). कवटी किती फुगवावी?

पहिले उत्तर : ठरावीक माप नाही. उजेड एका बाजूने ठेवून पुतळा फिरवत राहा आणि ओळख सुटू लागताच अतिशयोक्ती थोडी कमी करा.