‘नाटक करतोय’ म्हणतात तेव्हा : कारागृहात काम केलेल्या परिचारिकांचे अनुभव

जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून नोकरी करताना माझी साडेतीन वर्षे एका मध्यवर्ती कारागृहाच्या दवाखान्यात गेली. रुग्णालयात रुग्णाला काय झाले असेल याचा विचार आपण करतो. कारागृहात, त्याला खरोखर काही झाले आहे का, हा प्रश्न आपण पोहोचण्याआधीच इतरांनी निकालात काढलेला असतो. “सिस्टर, नाटक आहे, बाहेर जायचंय त्याला.” नाटके होतात हे मी नाकारत नाही, कारण बाहेरच्या रुग्णालयात निदान नातेवाईक लांबून दिसतात आणि चार भिंतींबाहेरची हवा मिळते. परंतु १८९४ च्या कारागृह अधिनियमातील कलम ३७ नुसार ज्या बंद्याला दवाखान्यात यायचे आहे किंवा जो आजारी दिसतो, त्याची खबर विनाविलंब तुरुंगाधिकाऱ्याकडे आणि तिथून वैद्यकीय कर्मचाऱ्याकडे गेली पाहिजे. खरेखोटे ठरवण्याची पायरी त्यात मधे कुठेही नाही.

ज्यांनी कारागृहात काम केले आहे त्यांनी असे प्रसंग येथे लिहावेत, ही विनंती. कारागृहाचे नाव, बंद्याचे नाव आणि त्याचा गुन्हा लिहू नये; तसाही गुन्हा आपण विचारत नाही. सुरुवात मीच करते.

दाखल होऊन तिसरा दिवस असलेला एक न्यायाधीन बंदी संध्याकाळी भिंतीवरून काहीतरी वेचू लागला. मुंग्या आहेत म्हणाला. बराकीतल्या लोकांनी आधी हसून घेतले, मग जामिनासाठी वेडाचे सोंग आणतोय असे ठरले. गजांतून हात घालून मी नाडी पाहिली तेव्हा ती १४० होती, अंग घामाने निथळत होते, ताप १०२ होता आणि आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नव्हते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अटकेमुळे एकाएकी तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा भ्रम होतो, ज्यात उपचाराविना माणूस दगावू शकतो. डॉक्टरांना फोन करून डायझेपाम दिले, सलाईनमध्ये ग्लुकोज लावण्याआधी थायमिन दिले आणि त्याला बाहेरच्या रुग्णालयात न्यायला पोलीस मुख्यालयातून गार्ड येईपर्यंतचा दीड तास त्याचा हात धरून बसले. तेव्हापासून दाखल होणाऱ्याला “दारू पिता का?” असे मी कधी विचारले नाही, कारण त्याचे उत्तर सगळे ‘नाही’ असेच देतात. “शेवटची कधी घेतली?” असे विचारले की वेळेसकट उत्तर मिळते.

मिश्रक, जिल्हा कारागृह

मी परिचारिका नाही, तरी एक गोष्ट नोंदवतो. बराकी बंद होण्यापूर्वी, म्हणजे पाचच्या सुमारास, रात्रीचे जेवण वाटले जाते आणि बरेच जण ते झाकून ठेवून उशिरा खातात. आमच्याकडे मात्र संध्याकाळचे इन्सुलिन त्याच वेळी दिले जाई. “दारू चढल्यासारखा बरळतोय, आत दारू आली कुठून?” अशी चौकशी एका रात्री सुरू झाली होती. सिस्टरांनी चौकशीकडे लक्ष न देता बोटाला सुई टोचली. साखर ३४ निघाली, म्हणजे फारच खाली गेलेली. दुसऱ्या दिवसापासून जेवणाचा पहिला घास समोर खाल्ल्याशिवाय त्यांनी कोणालाही इन्सुलिन टोचले नाही.

ब्रदर, खुले कारागृह

खुल्या कारागृहात बंदी शेतीचे काम करतात, त्यामुळे पावसाळ्यात पोटदुखीची तक्रार आली की दांडी मारण्याचा विचार आहे असे गृहीत धरले जाते. मीही धरले होते, हे आधीच सांगतो. पहाटे पाच वाजता एक जण पोट धरून आला, एक उलटी झाली होती. आदल्या रात्रीची भाजी बाधली असेल असे वॉर्डर म्हणाला. पण तीच भाजी खाल्लेल्या बाकीच्यांना काही झाले नव्हते. पोट मऊ लागत होते. गोळी देऊन त्याला बाकावर बसवले आणि मी वहीत नोंद करू लागलो. नाव विचारण्यासाठी मान वर केली तर तो माझ्याकडे हनुवटी उचलून पाहत होता, बुटका माणूस उंच खिडकीतून पाहील तसा. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि त्या उचलता येत नव्हत्या म्हणून त्याने मान मागे टाकली होती.

जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा बहुधा कळतही नाही. सूज नसते, दाताची खूण दिसेलच असे नाही, आणि पहाटे पोटात दुखण्याने सुरुवात होते. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तो नऊच्या पुढे गेला नाही. १०८ ला फोन केला, तुरुंगाधिकारी साहेबांना झोपेतून उठवून “गार्डची वाट पाहिली तर श्वास थांबेल” एवढेच सांगितले, आणि त्यांनी आमचेच दोन शिपाई बरोबर दिले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात सर्पविषरोधक लसीच्या दहा कुप्या सुरू झाल्या, पण पुढे जिल्हा रुग्णालयापर्यंत आम्हाला अँबू बॅगने श्वास द्यावा लागला. चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून तो परत आला. साप शेवटपर्यंत कोणाला दिसला नाही, त्यामुळे हे सगळे भाजीनेच झाले असे मानणारे वॉर्डर अजूनही आहेत.

अधिपरिचारिका, महिला विभाग

माझ्याकडची बंदिनी शौचालयात बसताना भोवळ येऊन पडली. तिला येऊन तीन आठवडे झाले होते. उपवास करते, म्हणून चक्कर आली असेल, असे रक्षक बाई म्हणाल्या, आणि ती खरोखर उपवास करत होती. ओटीपोटात थोडे दुखते म्हणाली. मला खटकले ते पुढचे वाक्य, उजवा खांदा का दुखतोय कळत नाही. पडताना खांदा आपटला नव्हता. बाकीच्या बायकांना दूर बसवून पाळी विचारली तेव्हा सात आठवडे झाल्याचे तिने कुजबुजत सांगितले. दाखल होताना हा प्रश्न विचारलेला होता, पण सगळ्यांसमोर, आणि उत्तर ‘नियमित’ असे लिहिलेले होते. नाडी १२८, रक्तदाब ८० वर ५०, लघवीची गर्भचाचणी सकारात्मक. गर्भ नळीत राहून नळी फुटली की पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला लागते आणि ती वेदना खांद्यात उमटते.

महिला पोलीस आल्याशिवाय तिला हलवता येत नव्हते. दोन्ही हातांना जाड सुया लावून सलाईन सुरू केले, पाय उंच ठेवले. तिची तीन वर्षांची मुलगी तिच्याजवळच राहत होती (सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ ठेवता येते). आई उठत का नाही म्हणून ती पदर ओढत होती. जन्मठेपेच्या एका आजीने तिला उचलून आत नेले आणि पुढचे नऊ दिवस सांभाळले. शस्त्रक्रियेत पोटातून दीड लिटरहून अधिक रक्त निघाले, असे कागदावर लिहून आले.

कोल्हापूरची, सध्या इंग्लंडमधील तुरुंगात नर्स

येथे २००६ पासून तुरुंगातील आरोग्यसेवा राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे आहे. रेडिओवर ‘कोड ब्लू’ आला की कोणीतरी कोसळले आहे किंवा श्वास घेत नाही, आणि ‘कोड रेड’ म्हणजे रक्तस्राव किंवा भाजणे, एवढे समजून आम्ही पिशवी घेऊन धावतो. म्हणजे गार्डची वाट पाहणे कमी, पण ‘नाटक’ या शब्दाची जागा येथे ‘स्पाइस’ने घेतली आहे. हा गांजासारखा परिणाम करणारा कृत्रिम पदार्थ इतका आत येतो की कोणी बरळत पडला की तेच कारण समजतात. पंचविशीतला एक मुलगा तसाच पडलेला होता. दिवा लावताच त्याने डोळे झाकले, म्हणून मी मोजे काढून पाय पाहिले. घोट्यावर जांभळे ठिपके होते. काचेचा पेला दाबून पाहायचा असतो, पण कोठडीत काच नसते, तेव्हा त्याचाच पारदर्शक प्लास्टिकचा पेला दाबला. ठिपके पुसट झाले नाहीत. मेंदूज्वराच्या जंतूंनी रक्तात विषबाधा झाली होती. पॅरामेडिकने तिथेच बेंझिलपेनिसिलिन दिले. पायाची दोन बोटे गेली, जीव राहिला.

नाव न देता लिहीत आहे

वरचे सगळे पकडल्याचे अनुभव आहेत. माझा निसटल्याचा आहे. चौपन्न वर्षांचा, मधुमेह असलेला बंदी दुपारी चार वाजता छातीच्या पिंजऱ्याखाली जळजळते म्हणून आला. त्या आठवड्यात तो याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा येत होता, रांग मोठी होती, आणि मी पित्ताचे गुलाबी औषध देऊन परत पाठवले. ईसीजीचे यंत्र होते. त्यातला कागद संपून बारा दिवस झाले होते आणि मागणीपत्र मीच लिहिलेले होते. रात्री नऊला तो बराकीत कोसळला. अर्धा तास छाती दाबली.

कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत मानवाधिकार आयोगाला जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चौकशी होते. मला तिथे एकच प्रश्न विचारला गेला : आधीच्या दोन भेटींची नोंद आपण वाचली होती का? नव्हती. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो हे मला शिकवलेले होते, परीक्षेत लिहिलेलेही होते. आता वहीत तीच तक्रार दुसऱ्यांदा दिसली की मी औषध देत नाही, आधी ईसीजी काढते, आणि कागदाचे दोन रोल माझ्या स्वतःच्या पैशाने आणून कपाटात ठेवलेले असतात.

ब्रदर, मध्यवर्ती कारागृह

गार्ड लवकर कसा मिळवावा, याबद्दल थोडे. पूर्वी चिठ्ठीवर मी “पुढील उपचारार्थ रवाना” असे लिहीत असे. त्यावरून मुख्यालयात बसलेल्या माणसाला काय घाई आहे हे कळत नाही. एकोणीस वर्षांचा एक मुलगा लाजेपायी “पोट दुखतंय” म्हणत पाय फाकवून चालत आला, तपासल्यावर अंडकोषाला पीळ पडलेला असावा अशी लक्षणे दिसली. चिठ्ठीवर लिहिले : “दुखणे सुरू पहाटे ३. सहा तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास अवयव जाण्याचा धोका. आता वाजले ५.” गार्ड पावणेसहाला आला आणि मुलगा साडेसातला टेबलावर होता. तेव्हापासून छापील चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर ‘किती वाजेपर्यंत’ असा एक रकाना मी पट्टी घेऊन हाताने आखून ठेवतो.