मदत हवी आहे: ट्रस्टींना लायब्ररीची जागा काढून घ्यायचीय

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका खासगी कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमचे ट्रस्टी म्हणतात, 'हल्ली सगळं ऑनलाइन फुकट मिळतं, मग लायब्ररीला अख्खा मजला कशाला?' आणि हे कुठे, तर सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयं उभी केली त्या गावात!

फुकट ते वाचणाऱ्याला. लेख छापायला बरीच जर्नल्स लेखकाकडूनच पैसे घेतात. परवा एक मुलगी मेल दाखवायला आली: 'पाच दिवसांत छापू, आधी फी भरा.' संपादकाच्या नावापुढे जीमेलचा पत्ता! फसवं जर्नल, दुसरं काय! वेळेत थांबवली तिला. हे काम आता वाय-फाय करणार का? (चिडूनच लिहितेय, माफ करा.) आणि सगळं फुकटही नाही: विकतची जर्नल्स वाचायला देणारी केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सध्या सरकारी संस्थांसाठी आहे, आम्ही त्यात बसत नाही.

ट्रस्टींपुढे मांडायला माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. मागच्या कपाटात टाइपरायटरवर केलेले एम.ए.चे जुने लघुप्रबंध पडलेत, कडा कसरीने खाल्लेल्या. ते स्कॅन करून डीस्पेसवर (डिजिटल संग्रहाचं मोफत सॉफ्टवेअर) सर्वांना खुले करायचे. पण हक्क लिहिणाऱ्यांचा. इतक्या वर्षांनी त्यांची परवानगी कशी मिळवलीत? आणि सर्व्हर कॉलेजातच ठेवलात की भाड्याने घेतलात? प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा, सोमवारी मीटिंग आहे.