अ‍ॅब्लेशननंतरही रक्त पातळ करणारी गोळी

काका, काकूंच्या एट्रियल फिब्रिलेशनबद्दल, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराबद्दल, ‘एकदा अ‍ॅब्लेशन केलं की सगळ्या गोळ्या सुटतात’ असं तुम्ही लिहिलंय, तिथं जरा थांबा. अ‍ॅब्लेशनमध्ये फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी डाग देऊन चुकीचे विद्युत संदेश अडवतात. ठोके ताळ्यावर येतात, धाप कमी होते. पण रक्ताची गाठ होऊन लकवा येऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी निदान दोन-तीन महिने घ्यावीच लागते. पुढं ती सोडायची का, हे वय, बीपी, शुगर, आधीचा लकवा यावर ठरतं, ईसीजी चांगला आला म्हणून नाही.

परभणीजवळच्या आमच्या गावात आईनं बरं वाटतंय म्हणून ती गोळी मनानंच सोडली. लकवा झाला. उजवा हात अजून उचलत नाही, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

2019 च्या कबाना (CABANA) अभ्यासात याच आजाराचे 2,204 रुग्ण होते; काहींना अ‍ॅब्लेशन, काहींना नुसती औषधं. मृत्यू नि लकवा यांत दोन्ही बाजूंना ठळक फरक दिसला नाही. अ‍ॅब्लेशनवाल्यांचा त्रास मात्र जास्त कमी झाला. म्हणजे काकूंना धडधडीनं रोजचं काम होत नसेल, तर अ‍ॅब्लेशनसाठी संभाजीनगरची खेप जरूर करा.

रक्त पातळ करणारी गोळी म्हणून वॉरफेरिन चालू असेल तर करडईची, मेथीची भाजी बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा. आणि काकूंना अमिओडेरॉन (ठोके ताळ्यावर ठेवणारी, पण थायरॉईड बिघडवू शकणारी गोळी) आहे का? थायरॉईड शेवटचं कधी तपासलं?