सदर्न रेल्वे वाढली कशाच्या जोरावर? तिसऱ्या रुळाचा वाद

रूळछंदी
१९२३ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या कंपन्या एकत्र करून सदर्न रेल्वे झाली. तेव्हा ब्रिटनच्या रेल्वेच्या चार बड्या कंपन्या केल्या होत्या; बाकी तिघींचं पोट कोळशावर आणि मालावर. सदर्नच्या वाट्याला आले लंडनला रोज ये-जा करणारे नोकरदार. जनरल मॅनेजर हर्बर्ट वॉकर यांनी हे हेरलं आणि विजेवर भर दिला. १९२६ मध्ये त्यांनी सदर्नमध्ये विलीन झालेल्या ब्रायटन कंपनीची ६,७०० व्होल्टची ओव्हरहेड तार काढून सगळीकडे ६६० व्होल्टचा तिसरा रूळ, म्हणजे गाडीला वीज पुरवणारा जादा रूळ, घालायचं ठरवलं. खांब नकोत, तारेसाठी बोगदे-पूल उचकटणं नको. १ जानेवारी १९३३ पासून लंडन ते ब्रायटन तासाभरात, दर तासाला जलद गाडी! कंपनी वाढली ती या काटकसरीमुळेच.

सांधेवाला
काटकसर कसली, हात आखडता घेतला म्हणा. इतक्या कमी व्होल्टची वीज लांब जात नाही, मग बांधा दर काही मैलांवर सबस्टेशन. रूळही जमिनीलगत उघडा. थंडीत त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की गाडीखालचा शू (रुळावरून वीज घेणारा तुकडा) नुसता ठिणग्या उडवतो, गाडी जागची हलत नाही. १९२५ मध्ये आपल्या जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजची मध्य रेल्वे) व्हीटी-कुर्ला मार्गावर १,५०० व्होल्टची तार टांगलीच ना?

रूळछंदी
जीआयपीची पाटी कोरी होती हो. इथे सदर्नमध्येच विलीन झालेल्या लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनीचा तिसरा रूळ १९१५ पासून चालू होता. मोठं जाळं मोडून छोटं वाढवायचं?

सांधेवाला
आणि वॉकर मूळचे त्याच कंपनीचे मॅनेजर, हा निव्वळ योगायोग!

फलाट_नंबर_९
व्होल्टचं सोडा. वॉकरांची खरी करामत वेळापत्रकात. दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, पुस्तक उघडायची गरजच नाही. पण ही वाढ दुसऱ्याला अडवूनही झाली. भुयारी रेल्वे दक्षिणेकडे यायला लागली तेव्हा सदर्नने जोरदार विरोध केला. १९२६ मध्ये ती मॉर्डनपर्यंत पोचली खरी, पण दक्षिण लंडनमध्ये तिची स्टेशनं आजही कमीच.

रूळछंदी
धंदा आहे, आपलं गिऱ्हाईक कोण सोडेल? १९३७ ला पोर्टस्मथपर्यंत वीज नेली, वॉकर निवृत्त झाले, मग युद्ध. १९४८ ला सरकारीकरण. वेळ मिळाला कुठे?

सांधेवाला
बोर्नमथला वीज पोचायला १९६७ उजाडलं. एक्झेटरची गाडी तर आजही लंडनच्या वॉटर्लू स्टेशनपासूनच डिझेलवर धावते, बेसिंगस्टोकच्या थोडं पुढेपर्यंत विजेचा रूळ शेजारी असूनही. ही कुठली काटकसर?