भाऊजींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. माझा मुलगा त्यांच्या ताटात जेवायचा

अंमळनेरची_सून

नमस्कार. आमचं गाव अंमळनेर तालुक्यात, घरात नऊ माणसं. धाकटे भाऊजी सावद्याहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जातात, दहा-दहा दिवस घराबाहेर असतात. दोन महिने त्यांचा खोकला जात नव्हता, वजन उतरलं. शेवटी बेडका तपासला तर टीबी निघाला. टीबीच्या पेशंटची एचआयव्हीची टेस्टही करतात म्हणून तीही केली, आणि ती पॉझिटिव्ह आली. भाऊजींनी स्वतःच ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं. मान वर केली नाही त्यांनी.

त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांचं ताट, तांब्या, गोधडी बाजूला काढली. मला म्हणाल्या, "त्यानं ताट येगळं ठेव, पोरले त्यानाजोडे जाऊ दिऊ नको." माझा मुलगा चार वर्षांचा. काका आले की त्यांच्याच ताटातली वरण-बट्टी खाणार, त्यांच्याच पेल्यातलं पाणी पिणार, रात्री त्यांच्याच कुशीत झोपणार. मला आठ दिवस झोप नाही. त्याला झालं असेल का? टेस्ट कुठे करू?

श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, घरात बसेल. रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याला, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मूठ मूठ गहू काढतात. सासूबाई म्हणतात औंदा भाऊजींची मूठ धरायची नाही. मला हे पटत नाही, पण मुलाच्या काळजीने तोंड उघडत नाही.

धाकट्या जाऊबाईंना चौथा महिना आहे. कानबाई उठली की त्या पारोळ्याला माहेरी जाणार आहेत.

माजी_कौन्सिलर_शहादा

ताई, ताटातून, पेल्यातून, कुशीत झोपण्यातून एचआयव्ही होत नाही. हा विषाणू रक्तात, वीर्यात, योनीतल्या आणि गुदद्वारातल्या स्रावात आणि आईच्या दुधात असतो, आणि त्यातूनच दुसऱ्याच्या शरीरात जातो. लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी यातून जात नाही. एका मोरीत अंघोळ करा, एका परातीत जेवा. तुम्ही सांगताय त्यावरून मुलाची एचआयव्हीची टेस्ट करायचं कारणच नाही.

पण त्याला दवाखान्यात न्या, ते टीबीसाठी. टीबी खोकल्यातून हवेत पसरतो आणि मूल काकांच्या कुशीत झोपत होतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तो लवकर धरतो. त्याची तपासणी होईल, टीबी नसेल तर होऊ नये म्हणून औषध देतात. घरातल्या इतरांनाही तपासायला सांगतील. भाऊजींनी सध्या खोकताना तोंडावर रुमाल धरावा, खिडकी उघडी ठेवून झोपावं. गोळ्या नेमाने घेतल्या तर साधारण दोन आठवड्यांत पसरण्याची भीती खूप कमी होते. ताटाचा संबंध टीबीशीही नाही.

मी अकरा वर्षं आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी सल्ला-तपासणी केंद्रात बसले. एकेका घराची कहाणी ऐकताना हेच दिसायचं की पेशंटचं ताट त्याच संध्याकाळी वेगळं होतं आणि बायकोच्या टेस्टचा विषय महिनोन्‌महिने कुणी काढत नाही. तुमचं शेवटचं वाक्य वाचून माझ्या छातीत धस्स झालं. जाऊबाईंची टेस्ट झाली आहे का? झाली नसेल तर उद्याच न्या, कानबाईची वाट बघू नका. ग्रामीण रुग्णालयात फुकट होते, त्यांच्या संमतीने होते, आणि निकाल दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही असा कायदा आहे, २०१७ चा.

निगेटिव्ह आली तर सुटलो असं समजू नका. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची, बाळंतपणाआधी पुन्हा. आणि आतापासून कंडोम. 'पोट आहे, आता कशाला' म्हणून लोक नेमका याच दिवसांत सोडून देतात. गरोदरपणात नवी लागण झाली तर आईच्या रक्तात विषाणू फार वाढतो आणि बाळाला धोका जास्त असतो. आयसीटीसीत कंडोम फुकट मिळतात, लाजू नका.

पॉझिटिव्ह आली तरी बाळ वाचवता येतं. काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. आईने गोळ्या वेळेवर सुरू केल्या, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला जन्मल्यापासून औषध दिलं, तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. तेव्हा पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, वरचं दूध नाही. बाळाची टेस्ट सहा आठवड्यांनी, शेवटची अठराव्या महिन्यात.

भुसावळकर_जंक्शन

मी २००८ पासून पॉझिटिव्ह आहे. बायको आजही निगेटिव्ह. भाऊजींना हे दाखवा.

गावातलं कुणी भेटेल म्हणून मी गाडीने लांबच्या सिव्हिलला जायचो. २०१२ मध्ये एकाने झाडपाल्याने मुळापासून घालवतो सांगितलं, १८ हजार घेतले आणि गोळ्या बंद करायला लावल्या. पाच महिन्यांत सीडीफोर, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, ९० वर आला, तोंड आतून फोडांनी भरलं, पाणीसुद्धा गिळवेना. पुन्हा एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देतात तिथे, गेलो तेव्हा तिथली सिस्टर मला ओरडली नाही, फक्त विचारलं, "जेवलात का?" गोळ्या फुकट आहेत, २००४ पासून. मुळापासून घालवणारं औषध कुणाकडे नाही. रोजची गोळी घेतली की विषाणू दबतो, रक्तात मोजताही येत नाही इतका. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तसा दबून राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण रिपोर्ट हातात येईपर्यंत कंडोम सोडायचा नाही.

ट्रकवर असतात म्हणून सांगतो, गोळ्यांचा डबा केबिनमध्ये दहा दिवसांचा नको, पंधरा दिवसांचा असू द्या. गाडी कुठेही अडकते. टीबीचा कोर्स चालू असेपर्यंत, आणि संपल्यावरही दोन आठवडे, एचआयव्हीची एक गोळी बारा तासांच्या अंतराने जादा देतात, ती विसरायला होते.

आणि त्यांच्यासोबत जेवा. माझ्या आईने मला वर्षभर पडवीत वाढलं. आजाराचं दुखणं मी विसरलो, ती पडवी विसरलो नाही.

सातपुडा_बॉय

डास चावून होतो का? आणि सारंगखेड्याच्या यात्रेत हातावर गोंदवून घेतलं होतं, एकाच सुईने चार-पाच जणांचं. मी नर्सिंगला आहे, सुई टोचली तर काय करतात तेही सांगा.

माजी_कौन्सिलर_शहादा

डासाने होत नाही, त्याच्या पोटात हा विषाणू जगत नाही. गोंदण्याची सुई मात्र दुसऱ्याच्या रक्ताची असू शकते. तीन महिने होऊन गेले असतील तर एक टेस्ट करून टाक, सोबत कावीळ बी आणि सीचीही. न्हाव्याकडे नवं ब्लेड मागायचं.

वॉर्डात सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगायचं. पीईपीच्या, म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. २८ दिवस घ्यायच्या. सिनियर रागावतील म्हणून लपवू नकोस रे बाळा. माहिती हवी असेल तर १०९७ वर फोन कर, पैसे लागत नाहीत.

अंमळनेरची_सून

काल जाऊबाईंना घेऊन गेले. माझी टेस्ट आहे असं शेजारी सांगितलं. त्यांची निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनंतरची तारीख मी कॅलेंडरवर नुसती फुली मारून ठेवली आहे. पारोळ्याला गेल्या तरी मी आणायला जाईन. मुलाला टीबी नाही, औषध दिलंय. सासूबाईंना कौन्सिलर मॅडमनी समोर बसवून समजावलं. मुठीचं अजून कबूल केलं नाही, पण भाऊजींचं ताट आज त्यांनीच माझ्या ताटांत घासायला टाकलं.

मुलाची गोळी उपाशीपोटी द्यायची की जेवल्यावर? तिथे विचारायची राहिली.

माजी_कौन्सिलर_शहादा

सकाळी उपाशीपोटी. मळमळलं तर थोडं खाऊन चालेल. डोस वजनावर असतो, म्हणून दर महिन्याला वजन करून घ्या. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर थांबू नका, लगेच दाखवा.