घोड्यावर चढताना खोगीर फिरतं, सल्ला हवा (पुणे)

बावधनकर_बाई

नमस्कार मंडळी,

पन्नाशीला टेकल्यावर घोडेस्वारी शिकायला घेतली आहे. घरच्यांच्या प्रतिक्रिया इथे देत नाही, कल्पना करा. मुळशी रस्त्याच्या बाजूला एक क्लास आहे, तिथे शनिवार-रविवार जाते. दुडकी जमते, मांडही आता बसायला लागली आहे. अडतं ते सगळ्यात आधी, चढताना. डावा पाय रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत) घालून उजवा जमिनीवरून सुटला, की अख्खं खोगीर माझ्या बाजूला फिरतं. मी खाली, खोगीर घोडीच्या बरगड्यांवर.

घोडी देशी, बुटकी, गोल अंगाची. स्वभावाने गरीब. असं झालं की मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) येऊन तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आणखी दोन भोकं वर आवळतो आणि ती कान मागे पाडते. ते मला बघवत नाही. सर म्हणतात, "मॅडम, जोर लावा." लावलेला जोर खोगिरालाच लागतो ना!

माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ७२ किलो. विचारायचं आहे ते असं: तंग नेमका किती घट्ट हवा? स्टूलवरून चढलं तर चालतं का, कारण तिथे स्टूल फक्त लहान मुलांना देतात? आणि ते न सरकणारे पॅड मिळतात त्यांचा उपयोग होतो का?

"वजन कमी करा" हा सल्ला मला इतरत्र फुकट मिळतो, इथे नको.

सदाशिव_पेठी

आम्ही घोडीवर एकदाच बसलो, वरातीत. खोगीर तेव्हाही डावीकडे कललं होतं. बँडमधल्या झांजवाल्याने उजवीकडची रिकीब धरून ठेवली म्हणून लग्न वेळेवर लागलं. सबब, पलीकडच्या बाजूला एक माणूस उभा करा. सल्ल्याचे पैसे नकोत.

टापटीप

वरचा विनोद सोडा, सल्ला बरोबर आहे. तुम्ही चढत असताना उजवीकडच्या रिकिबीवर कोणी खाली वजन दिलं तर खोगीर फिरत नाही. मोतद्दाराला तंग आवळायला बोलावण्यापेक्षा त्यासाठी बोलवा.

आता तंग. तो एका दमात आवळायचाच नसतो. बऱ्याच घोड्यांना तंग कसताना अंग ताठ करून छाती फुगवायची सवय असते. जरा वेळाने ते सैलावतात आणि तोच तंग ढिला पडतो. म्हणून खोगीर घालताना ते जागेवर राहील इतपतच लावा. घोडीला हाताने धरून मैदानाला एक फेरी मारा, मग एक भोक वर. चढायच्या आधी पुन्हा बघा आणि चढून पाच-दहा मिनिटं चालवल्यावर परत. बाजूला बोटं घालून बघितलं तर फसगत होते. खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये छातीच्या हाडापाशी बघायचं. तिथे दोन बोटं चेपून जावीत, सहज नाही. तंग लावून झाला की तिचा पुढचा एकेक पाय उचलून पुढे ताणा, म्हणजे कोपरामागच्या कातडीच्या चुण्या सुटतात. नाहीतर घामात घासून तिथे जखमा होतात, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात घाम किती येतो ते सांगायला नको.

एक गोष्ट मोतद्दारही विसरतात. खोगिराला प्रत्येक बाजूला तीन पट्टे असतात, तंगाला बकला दोनच. पहिला पट्टा वेगळ्या फितीवर शिवलेला असतो, दुसरा-तिसरा एकाच फितीवर. तेव्हा पहिला हवाच, त्याच्या जोडीला दुसरा किंवा तिसरा. दुसरा आणि तिसरा लावले आणि ती फीत तुटली तर दोन्ही एकदम गेले.

हे सगळं करूनही खोगीर फिरू शकतं, कारण तुम्ही बाजूला लटकलेल्या असेपर्यंत सगळं वजन त्याला एकाच बाजूला ओढत असतं. उजवा हात खोगिराच्या मागच्या काठावर ठेवून स्वतःला वर खेचता का? बहुतेक सगळे तेच करतात आणि खोगीर अलगद अंगावर घेतात. तो हात पुढे, खोगिराच्या पलीकडच्या बाजूवर ठेवा आणि खाली दाबा. डाव्या हातात लगाम आणि त्याच मुठीत आयाळीचा भरपूर झुपका. आयाळ ओढल्याने तिला फारसं काही होत नाही, तोंडातली कडी ओढली गेली तर होतं. घोडीला चिकटून उभ्या राहा, बुटाचं टोक पोटात खुपसू नका. उजव्या पायाने उसळी घ्या आणि वर जाताना छाती खोगिराच्या मधोमध न्या. रिकिबीत ताठ उभं राहून दम खायचा नाही. पाय पलीकडे टाकला की हलकेच बसा. धप्पकन बसलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला चढूच देणार नाही.

आणि स्टूल घ्या. बिनदिक्कत.

रिसाला_निवृत्त

स्टूलला माझा विरोध नाही, पण जमिनीवरून चढता आलं नाही तर स्वारी अर्धीच शिकली. बाहेर रपेटीला गेलात, रिकिबीचा पट्टा तुटला, उतरावं लागलं, तिथे स्टूल कोण आणून देणार? आमच्या वेळी रिकिबीशिवाय उडी मारून चढायला लावायचे. डावीकडून चढायची रीत तलवारीमुळे पडली असं सांगतात. तलवार डाव्या कमरेला, उजवीकडून चढलात तर तीच पायात. आता कोणाच्या कमरेला तलवार नाही, तेव्हा उजवीकडूनही चढायला शिका. एकाच बाजूने चढून चढून डावीकडचा रिकिबीचा पट्टा ताणून लांब होतो. अधूनमधून दोन्ही पट्टे अदलाबदल करावेत.

टापटीप

काका, पट्ट्यांबद्दल शंभर टक्के. जमिनीवरून चढणं शिकावं हेही मान्य, पण ते अडीनडीसाठी. रोज त्या घोडीच्या पाठीवर कशाला? बाहेर उतरावं लागलं तर बांध, दगड, पुलाचा कठडा काहीतरी सापडतंच. काहीच नसेल तर उतारावर घोडी खालच्या अंगाला उभी करायची आणि आपण वरच्या अंगाने चढायचं. तेवढ्यानेही वीतभर उंची मिळते.

गुरांचा_डॉक्टर

घोडीच्या बाजूने दोन शब्द. खोगिराखाली दाब मोजणारी चटई घालून हे मोजून झालेलं आहे. २००८ च्या एका अभ्यासात जमिनीवरून आणि उंच ओट्यावरून चढण्याची तुलना केली होती. ओट्यावरून चढल्यावर पाठीवर येणारा जोर कमी निघाला. शिवाय सगळ्यात जास्त दाब विदर्सच्या उजव्या बाजूला पडतो. विदर्स म्हणजे मान संपते तिथला खांद्यांवरचा उंचवटा. डावीकडून ओढलं की खोगीर पलीकडून त्या उंचवट्याला अडतं आणि तिथेच रुततं. तेव्हा स्टूल हे लाड नाहीत.

बाईंना एक प्रश्न: खोगीर फक्त चढतानाच फिरतं, की चालवतानाही हळूहळू एकाच बाजूला जातं? चालवताना जात असेल तर मागच्या पायांनी बारीक लंगडते का ते पशुवैद्याकडून बघून घ्या. इंग्लंडमध्ये स्यू डायसन आणि लिने ग्रेव्ह यांनी दाखवलंय की मागच्या पायाने लंगडणाऱ्या काही घोड्यांचं खोगीर एका बाजूला सरकतं, आणि पायाचं दुखणं इंजेक्शनने तात्पुरतं बधिर केलं की तेच खोगीर सरळ राहतं. इतकं बारीक लंगडणं स्वाराला सहसा कळत नाही. दोष मात्र तंगाला किंवा स्वाराच्या बसण्याला जातो.

आणि कान मागे पाडते हे तुम्ही पाहिलंत ते चांगलं केलंत. तंगापाशी हात नेताच चावायला वळणारी जनावरं अशीच तयार होतात.

बावधनकर_बाई

डॉक्टर, चालवताना नाही, फक्त चढताना. सगळ्यांचं वाचून या रविवारी थोडी पाहणी केली. खोगीर तंग न लावता पाठीवर ठेवलं तर चक्क डुलतं. खाली दोन नमदे (खोगिराखालच्या गाद्या) आहेत, एकावर एक. मोतद्दार म्हणाला, हे खोगीर मूळचं क्लासमधल्या थरोब्रेडचं, रेसकोर्सवरून निवृत्त झालेला उंच घोडा आहे एक. तेच हिलाही घालतात.

भीमथडी_काठ

सापडलं की मग! आमच्याकडे बारामतीच्या बाजूला घरची घोडी आहेत, म्हणून सांगतो. रेसच्या घोड्याची पाठ अरुंद, विदर्स उंच. त्याच्या मापाचं खोगीर गोल पाठीच्या घोडीवर बसतच नाही, वर तरंगतं. पिंपावर ठेवलेल्या पाटासारखं. वरून खाली दोन नमदे घातले म्हणजे आतली जागा आणखी अरुंद झाली, ते आणखी वर चढलं. लोकांना वाटतं गादी वाढवली की पकड वाढते. उलट होतं. एकच पातळ नमदा ठेवा आणि हिच्या पाठीला बसेल असं रुंद खोगीर मागा. क्लासमध्ये दुसरी देशी घोडी असेल तर तिचं घालून बघायला काय जातं? खोगीर ठेवल्यावर विदर्सच्या वर दोन-तीन उभी बोटं जागा राहायला हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर ते तिच्यासाठी अरुंद आहे.

पेशबंद (छातीवरून जाणारा पट्टा) लावा असं कोणीतरी सांगेलच. पेशबंद खोगीर मागे जाऊ देत नाही, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) पुढे जाऊ देत नाही. बाजूला फिरण्यावर दोन्हींचा फारसा इलाज नाही. तुमच्या सरांना वाईट वाटेल, पण देशी जनावरावर इंग्रजी घोड्याचं सामान चढवायचं आणि मग जनावराला नावं ठेवायची हे जुनंच दुखणं आहे. आमच्या भागातल्या देशी भीमथडीला आता घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली, खोगीर मात्र अजून दुसऱ्याच्या मापाचं.

रिसाला_निवृत्त

हे पटलं. माझा आग्रह तूर्त मागे घेतो. आधी खोगीर, मग जमिनीवरून.

बावधनकर_बाई

सर दुसऱ्या खोगिराबद्दल "बघू" म्हणाले आहेत. दरम्यान एक नमदा काढायला लावला आणि मोतद्दाराला उजवीकडे उभं केलं. फरक लगेच जाणवला. थोडं डोललं, पण फिरलं नाही. घरून प्लास्टिकचं स्टूल न्यायचा विचार आहे. पॅडचं मात्र कोणी बोललंच नाही.

टापटीप

प्लास्टिकचं अजिबात नको! तुम्ही वर जाताना ते मागे कलंडतं, आवाज होतो, घोडी दचकते आणि तुमचा एक पाय रिकिबीत. टिंबर मार्केटमध्ये एखाद्या सुताराकडून दोन पायऱ्यांचं लाकडी करून घ्या. वरची पायरी दीड-दोन फुटांवर, बूड रुंद, आणि घोडीचा पाय अडकेल अशी पोकळ जागा खाली ठेवू नका. बाजूच्या फळ्या बंद करायला सांगा. वापरायच्या आधी घोडीला ते हुंगू द्या, शेजारी उभं राहायची सवय लावा. आणि चढताना रिकिबीत फक्त पायाचा चवडा, टाचेचे बूट, डोक्यावर हेल्मेट. तरीही खोगीर फिरलंच तर त्याला धरून लटकू नका, पाय सोडवून सरळ खाली उतरा.

पॅडवर आत्ता पैसे घालू नका. न सरकणारा पॅड चुकीच्या मापाचं खोगीर चिकटवून ठेवतो, दुखणं तसंच राहतं. खोगीर बदललं आणि तरीही थोडं हललं, तर मग विचार करा. स्वतःचा तंग घ्यायचा असेल तर घ्या. खोगिराचं बरंचसं सामान कानपूरला बनतं आणि ऑनलाइन मिळतं. पण माप नव्या खोगिरावर घ्या, आत्ताच्या नव्हे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मधल्या भोकापासून मधल्या भोकापर्यंत, घोडीच्या छातीखालून टेप फिरवायची, इंचात.

बावधनकर_बाई

टेप घेऊन शनिवारी जाते. सुताराला या धाग्याचा फोटो दाखवला. तो म्हणाला, घोडा ठेवायला जागा आहे का तुमच्याकडे?