मदत हवी आहे : आईला घेऊन पोर्ट क्लांगला उतरावे का?

सर्वांना नमस्कार. येत्या डिसेंबरात आम्ही सिंगापूरहून निघून मलेशियातील पेनांग आणि पोर्ट क्लांग या बंदरांवर थांबणाऱ्या क्रूझने जाणार असून सोबत माझी ७२ वर्षांची आई आहे. पेनांगबद्दल शंका नाही, कारण तेथील धक्का जॉर्जटाउन शहरालाच लागून आहे. प्रश्न पोर्ट क्लांगचा आहे. जहाज तेथे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबेल. मात्र क्वालालंपूर सुमारे ४० किलोमीटर आत आहे, आणि परतताना वाहतुकीत अडकलो तर स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी जहाज थांबत नाही, ही धास्ती मनातून जात नाही. जहाजाच्या सहलीने जावे, तर सगळ्या गटाच्या चालीने आईला चालवणार नाही.

तिला क्वालालंपूरजवळच्या बातू गुंफांची, म्हणजे तेथील टेकडीतल्या गुहामंदिरांची, ओढ आहे. तेथील २७२ पायऱ्या झेपणार नाहीत हे ती जाणते. घरचा जिना उतरतानाही ती कठडा धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले टेकवते आणि मगच पुढची पायरी घेते. परंतु मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मूर्ती पायथ्यावरूनच दिसते, तेवढ्यावर ती समाधानी आहे. (आपल्याकडे स्त्रिया एरवी कार्तिकेयाचे दर्शन घेत नाहीत; तमिळ परंपरेत तसा निर्बंध नाही, हे मी तिला सांगितले आहे.)

ज्येष्ठांना घेऊन तेथे उतरलेल्यांनी कृपया सांगावे : केवळ गुंफांचा पायथा पाहून दुपारी दोनपर्यंत बंदरावर परतणे जमते का, तेथे बसायला सावली मिळते का, आणि टॅक्सी आधीच ठरवावी की बंदरावर? की त्या दिवशी जहाजावरच राहणे बरे?